मुलांचं ओघवतं वाचन : पालक आणि शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

खालची उत्तरं प्रामुख्याने सहा ते दहा वर्षांच्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. अक्षरओळख झालेली आहे, पण वाचन अजून अंगवळणी पडलेलं नाही, असा हा काळ.

ओघवतं वाचन म्हणजे भरभर वाचणं का?

नाही, आणि हा गैरसमज फार नुकसान करतो. ओघवत्या वाचनात तीन गोष्टी एकत्र येतात. शब्द बरोबर वाचले जातात, त्यासाठी फारसा जोर लावावा लागत नाही, आणि आवाज अर्थाप्रमाणे वर-खाली होतो, योग्य जागी थांबतो. तिसऱ्या गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, म्हणून ती जरा उलगडून बघू. हे वाक्य घ्या:

राजूच्या मोठ्या भावाची / नवी सायकल / काल रात्री / अंगणातून चोरीला गेली.

आता हेच वाक्य दोन-दोन शब्दांनी तोडत जाणारं मूल कसं वाचतं ते पाहा:

राजूच्या मोठ्या / भावाची नवी / सायकल काल / रात्री अंगणातून / चोरीला गेली.

एकही शब्द चुकलेला नाही. वेगही दोघांचा सारखा असू शकतो. तरी दुसरं मूल शब्दांची यादी वाचतंय आणि पहिलं मूल एक बातमी सांगतंय. 'सायकल काल' असा तुकडा मराठी माणूस बोलताना कधीच करत नाही. तो वाचताना होतोय याचा अर्थ वाक्य अजून मुलाच्या हाती आलेलं नाही.

शेवटी अर्थ कळणं महत्त्वाचं. मग ओघाला एवढं महत्त्व कशाला?

अर्थ कळावा म्हणूनच. माणसाचं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींना पुरतं. डेव्हिड लाबर्ज आणि जे सॅम्युएल्स या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७४ मध्ये हे नीट मांडलं. शब्द ओळखण्यातच सगळं लक्ष खर्च झालं, तर अर्थ लावायला काही उरत नाही. शब्द आपोआप ओळखता यायला लागले की लक्ष मोकळं होतं. अडखळत वाचणारं मूल वाक्याच्या शेवटाशी पोहोचेपर्यंत सुरुवातीला कोण होतं हेच विसरलेलं असतं. त्याला 'समजत नाही' असा शिक्का बसतो. खरं तर तोच उतारा तुम्ही वाचून दाखवलात तर ते सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतं.

ही तपासणी घरी जरूर करून पाहा. ऐकून समजतं पण वाचून समजत नाही, तर अडचण बहुधा शब्द वाचण्यात आहे. ऐकूनही समजत नसेल तर शब्दसंग्रह आणि विषयाची ओळख वाढवायला हवी; तिथे वाचनाचा कितीही सराव घेतला तरी उपयोग बेताचाच. वाचून समजणं म्हणजे शब्द वाचता येणं गुणिले भाषा समजणं, अशी मांडणी फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये केली. गुणाकारात एक आकडा शून्य असेल तर उत्तर शून्यच येतं.

अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेल या तज्ज्ञ समितीने २००० साली वाचन-शिक्षणाचे जे पाच घटक ठरवले, त्यांत ध्वनींची जाण, अक्षर-ध्वनी संबंध, शब्दसंग्रह आणि आकलन यांच्या जोडीला ओघवतं वाचन आहे. इतरांपेक्षा ते जास्त दुर्लक्षित राहतं, कारण 'वाचायला येतं' या एका शेऱ्याखाली ते झाकलं जातं.

आणखी एक गोष्ट. तिसरी-चौथीपासून वाचन हा विषय राहत नाही, ते सगळ्या विषयांचं हत्यार होतं. गणितातली शाब्दिक उदाहरणं चुकणाऱ्या कितीतरी मुलांना बेरीज-वजाबाकी व्यवस्थित येत असते. ज्याला वाचायला कष्ट पडतात तो वाचन टाळतो, टाळल्याने सराव होत नाही, आणि मग अंतर वाढत जातं. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये या दुष्टचक्राचं सविस्तर वर्णन केलं. मुलगा 'आळशी' आहे असं म्हणण्याआधी हे चक्र सुरू झालंय का ते बघावं.

बाराखडी पाठ आहे, अक्षरं सगळी येतात, तरी अडखळतं. असं का?

कारण बाराखडी म्हणणं आणि शब्द वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि आपली लिपी दिसते तितकी सरळ नाही. काही अडचणी अगदी जवळून बघू.

'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते, आवाज मात्र नंतर. 'गर्व'मधला र डोक्यावर बसतो पण उच्चारायचा व-च्या आधी. तोच र 'चक्र'मध्ये पायाशी, 'राष्ट्र'मध्ये खाली टोपीसारखा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधली खोल खोरी, फरक फक्त र कसा जोडला याचा. 'चार' आणि 'चारा' यांतला च एकच लिहायचा पण दोन तऱ्हांनी बोलायचा. कुठे कोणता, हे अक्षर सांगत नाही, शब्द ओळखीचा असेल तरच कळतं.

सगळ्यांत चकवणारी गोष्ट म्हणजे न उच्चारला जाणारा अ. 'बसला' हा शब्द आपण बोलताना जवळजवळ 'बस्ला' म्हणतो. नवं वाचणारं मूल ब, स, ला असं प्रत्येक अक्षर पूर्ण ताणून म्हणतं आणि स्वतःच म्हटलेला शब्द त्याला ओळखू येत नाही. अशा वेळी 'अक्षरं नीट बघ' म्हणून काही होत नाही, अक्षरं त्याने नीटच बघितलेली असतात. 'आता हे पटकन, बोलतो तसं म्हण' असं सांगितलं की बऱ्याचदा चेहऱ्यावर लगेच उजेड पडतो.

जोडाक्षरं नंतर शिकवू म्हणून मागे ठेवली जातात, तेही मला पटत नाही. म्हणून, म्हणाला, त्याच्या, तुम्ही, नव्हता, दुसऱ्या, होत्या. पानोपानी येणारे हे शब्द जोडाक्षरांचेच आहेत. ते बघताक्षणी ओळखता येईपर्यंत कुठलीच गोष्ट ओघात वाचता येणार नाही. सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. अशा लिप्यांमध्ये अक्षरांचा पूर्ण संच हातात यायला प्राथमिक शाळेची पहिली काही वर्षं जातात, असं त्यात दिसलं. देवनागरीची घडण त्याच जातीची आहे. तेव्हा दुसरीतलं मूल 'ष्ट्र'पाशी अडलं तर घाबरून जाऊ नका.

मिनिटाला किती शब्द वाचता आले पाहिजेत?

जॅन हासब्रूक आणि जेराल्ड टिंडल यांनी २०१७ मध्ये अमेरिकी मुलांचे आकडे प्रसिद्ध केले. त्यात वर्षअखेरीला मधल्या पातळीवरचं मूल पहिलीत मिनिटाला ६०, दुसरीत १०० आणि तिसरीत ११२ शब्द बरोबर वाचतं. हे आकडे इंटरनेटवर सगळीकडे फिरतात आणि मराठी मुलांनाही लावले जातात. तसं करू नका. आपला 'शाळेपासूनच' हा एक शब्द इंग्रजीत तीन-चार सुट्या शब्दांत विभागला जातो. विभक्ती, शब्दयोगी अव्यय, वर 'च' आणि 'ही', सगळं एकाच शब्दाला चिकटतं. मराठी शब्द लांब, म्हणून मिनिटातली संख्या कमी येणारच.

आकडा वापरायचाच तर मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या मागच्या महिन्याशी करा.

घरी मोजायचं कसं?

मुलाने आधी न वाचलेला, त्याच्या इयत्तेचा उतारा घ्या. एक मिनिट मोठ्याने वाचू द्या. वाचलेले एकूण शब्द मोजा, चुकलेले वजा करा. ६२ वाचले, ५ चुकले, तर ५७ बरोबर. म्हणजे अचूकता साधारण ९२ टक्के. मुलाने चूक स्वतः सुधारली तर ती चूक धरू नका, उलट ते चांगलं लक्षण आहे. सुधारणा करणारं मूल अर्थाकडे लक्ष देतंय.

नंतर 'काय झालं गोष्टीत?' हे विचारल्याशिवाय मोजणी पूर्ण झाली असं समजू नका. आणि घड्याळ मुलाच्या नजरेसमोर ठेवू नका. महिन्यातून एकदा पुरे.

एक गमतीचा प्रयोगही करता येतो. मूल मोठ्याने वाचत असताना अचानक पानावर हात ठेवा. ओघात वाचणारं मूल झाकल्यावरही दोन-चार शब्द पुढे बोलून जातं, कारण डोळे आवाजाच्या पुढे धावत असतात. अक्षर-अक्षर जुळवणारं मूल हात पडताक्षणी थांबतं. मुलांना हा खेळ आवडतो, फार मात्र ताणू नये.

मुलगी धाडधाड वाचते, पण विचारलं तर काहीच सांगता येत नाही.

बहुतेक वेळा ही आपणच लावलेली सवय असते. 'पटकन वाच', 'बघ ती किती फास्ट वाचते' असं ऐकत वाढलेल्या मुलाला वाचन म्हणजे शर्यत वाटते. तिला थोडं सावकाश आणायचं तर पूर्णविराम, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह यांच्याशी खेळा. 'तू येणार.' 'तू येणार?' 'तू येणार!' हे तिन्ही वेगळे म्हणून दाखवायला सांगा. संवाद असलेली गोष्ट निवडा आणि म्हातारी कशी बोलेल, वाघ कसा बोलेल ते ठरवायला लावा. पात्र कसं बोलेल हे ठरवायचं तर ते काय बोलतंय हे कळावंच लागतं.

पुस्तक तिच्या माहितीच्या पलीकडचं असेल, तर मात्र दोष वेगाचा नाही. अनोळखी विषयावरचा मजकूर आपणही खणखणीत वाचू शकतो आणि कोरेच राहतो.

घरी रोज नेमकं काय करायचं?

दहा-पंधरा मिनिटं, रोज, आणि ऐकायला कुणीतरी शेजारी. एवढं जमलं तर बाकी पद्धतींची नावं लक्षात ठेवायची गरज नाही. तरी तीन प्रकार सांगतो.

पहिला, तोच छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचणं. जे सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये ही पद्धत मांडली. त्यांचा विचार साधा होता: गायक एकच बंदिश शेकडो वेळा घोटतो, मग वाचणाऱ्याने प्रत्येक पान एकदाच वाचून पुढे का जावं? पन्नास ते शंभर शब्दांचा तुकडा घ्या. पहिल्यांदा तुम्ही वाचून दाखवा, मग मुलाने तीन-चार वेळा वाचावा. प्रत्येक वेळी वेगळं निमित्त द्या. एकदा अडलेले शब्द शोधायला, एकदा आवाज देऊन, एकदा आजोबांना ऐकवायला. निमित्त नसेल तर तिसऱ्या वेळी मूल कंटाळतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

दुसरा, जोडीने वाचन. ब्रिटनमध्ये कीथ टॉपिंग यांनी पालकांमध्ये याचा बराच प्रसार केला. पुस्तक मुलाच्या पसंतीचं, थोडं अवघड असलं तरी चालेल. दोघांनी एकत्र, एकाच आवाजात वाचायला सुरुवात करायची. मुलाला वाटलं की आता मी एकटा वाचतो, तर त्याने ठरलेली खूण करायची, म्हणजे पुस्तकावर टिचकी मारायची, की तुम्ही गप्प व्हायचं. अडलं की शब्द सांगून पुन्हा एकत्र सुरू. लाजरी, चुकायला घाबरणारी मुलं याने मोकळी होतात, कारण ती स्वतः खूण करेपर्यंत त्यांचा आवाज उघडा पडत नाही.

तिसरा प्रकार तिरप्या रेघांचा, वर सायकलच्या वाक्यात दाखवला तसा. पेन्सिलीने वाक्याचे तुकडे पाडायचे, आधी तुम्ही, नंतर मुलाने स्वतः. आठवडाभराने रेघा खोडून तोच उतारा पुन्हा वाचायला द्या.

चुकलं की लगेच सांगायचं का?

तीन-चार सेकंद थांबा. हे सेकंद पालकांना फार लांब वाटतात. तेवढ्यात बरीच मुलं स्वतः सावरतात. नाहीच जमलं तर शब्द सांगून टाका आणि वाक्य सुरुवातीपासून वाचायला सांगा. प्रत्येक अडलेल्या शब्दाला 'फोड कर, काना बघ, मात्रा बघ' असा तास सुरू केला तर गोष्ट तिथेच मरते. अर्थ न बदलणारी चूक, उदाहरणार्थ 'घरी'ऐवजी 'घरात', वाक्य संपल्यावर नोंदवली तरी चालते.

पुन्हा पुन्हा वाचल्याने पाठच होतं की! मग ते वाचन कसलं?

शंका रास्त आहे. उताऱ्याच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून 'हे काय?' विचारा. सांगता आलं तर शब्द डोळ्यांत बसलाय. नाही आलं तर फक्त कानात बसलाय, आणि पुढच्या वेळी ओळीखालून बोट सरकवत वाचून घ्या. शब्द नीट वाचून काही मोजक्या वेळा समोर आला की तो पुढे बघताक्षणी ओळखता येतो. डेव्हिड शेअर यांनी १९९५ मध्ये याला मुलाने स्वतःला शिकवणं म्हटलं. त्यामुळे एका उताऱ्यात पक्के झालेले शब्द दुसऱ्या उताऱ्यातही कामाला येतात.

बोट ठेवून वाचू द्यावं का?

सुरुवातीला जरूर. पुढे एकेका शब्दाखाली टोचणारं बोट तुकड्याखालून सरकवायला शिकवा. मग ते आपोआप सुटतं. ओरडून सोडवू नका.

पुस्तक किती अवघड असावं?

शंभर शब्दांत पाचपर्यंत अडखळणं, तर सरावाला योग्य. दहाच्या वर गेलं तर एकट्याने वाचायला ते अवघड आहे. तुम्ही वाचून दाखवा किंवा जोडीने वाचा. अवघड पुस्तक काढून घेऊ नका, वाचायची रीत बदला. आणि आठ वर्षांच्या मुलाला चार वर्षांच्याचं पुस्तक देताना जरा जपून. शब्द सोपे असले तरी अपमान त्याला बरोबर कळतो.

आमच्याकडे मूकवाचनाचा तास असतो. तेवढं पुरेसं नाही का?

ज्यांना वाचता येतं त्यांना तो तास आवडतो. ज्यांना येत नाही ती मुलं पानं उलटत, चित्रं बघत बसतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. नॅशनल रीडिंग पॅनेलला मोठ्याने, कुणीतरी मार्गदर्शन करत घेतलेल्या वाचनाचा फायदा स्पष्ट दिसला. नुसतं एकट्याने मूकवाचन केल्याने ओघ सुधारतो, याचा पुरेसा पुरावा मात्र त्यांना तेव्हा मिळाला नाही. मूकवाचन बंद करा असा याचा अर्थ नाही. आवड टिकवायला ते हवंच, पण अडखळणाऱ्या मुलाला त्याच्याबरोबर प्रकट वाचनही हवं.

वर्गात ४० मुलं आहेत. प्रत्येकाचं ऐकणार कसं?

एकामागून एक उभं करून वाचायला लावणं सोडा, असं मी आधी सांगेन. ३५ मिनिटांच्या तासात ४० मुलांना प्रत्येकी एक मिनिटसुद्धा मिळत नाही. उरलेला वेळ प्रत्येक मूल आपला परिच्छेद कोणता येणार हे मोजत बसतं. शिवाय जे कच्चं आहे त्याची सर्वांसमोर शोभा होते.

त्याऐवजी अनुवाचन घ्या: तुम्ही एक वाक्य वाचा, वर्गाने पुस्तकात बघत मागून वाचावं. समूहवाचन घ्या. जोड्या लावा. त्यात अगदी हुशार आणि अगदी कच्चं अशी जोडी नको, फरक थोडाच असू द्या. महिन्यातून एकदा नाट्यवाचन ठेवा: पाठांतर नाही, वेशभूषा नाही, हातात कागद धरून नुसत्या आवाजाने नाटुकलं सादर करायचं. त्याच्या तालमींमध्ये मुलं तोच मजकूर आठ-दहा वेळा आनंदाने वाचतात, जे एरवी कुणी वाचलं नसतं. या सगळ्यात तुम्ही रोज चार-पाच मुलांजवळ बसून ऐकू शकलात तर दोन आठवड्यांत वर्ग पूर्ण होतो.

ऑडिओ गोष्टी, मोबाईलवरच्या गोष्टी चालतील का?

पुस्तक समोर धरून ऐकत, बरोबर वाचत असेल तर छान. नुसतं ऐकणं शब्दसंग्रहाला चांगलं, पण डोळ्यांना सराव मिळत नाही.

इंग्रजी वाचनही याच वेळी सुरू आहे. गोंधळ होईल?

दोन्ही लिप्यांचा वेग वेगळा असेल, एवढं धरून चाला. फिलिप सीमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १३ युरोपीय भाषांतल्या मुलांचं सुरुवातीचं वाचन तपासलं. त्यात इंग्रजी शिकणाऱ्यांना पाया घालायला इतरांच्या दुपटीहून जास्त काळ लागत होता, कारण इंग्रजीत अक्षर एक आणि उच्चार भलताच. मुलाचं मराठी पुढे आणि इंग्रजी मागे, हे त्यामुळे स्वाभाविक आहे. मराठीत ओघ आला की 'वाचन म्हणजे बोलणंच' ही जाण इंग्रजीतही कामी येते.

घरातल्या बोलीमुळे 'पाणी'ला 'पानी' वाचतो. चूक धरायची?

नाही. शब्द ओळखला, अर्थ लागला. प्रमाण उच्चार शिकवायचा तर वेगळ्या वेळी शिकवा.

तोतरं बोलणाऱ्या मुलाचं काय?

ते बोलण्यातलं अडखळणं आहे, वाचनातलं नाही. अशा मुलाला घड्याळ लावून कधीही मोजू नका. समूहवाचनात अशी अनेक मुलं कमी अडखळतात.

काळजी कधी करायची?

सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घ्या. त्यानंतरही, दोन-तीन महिने रोज सराव होऊन तेच तेच ओळखीचे शब्द दरवेळी नव्याने जुळवावे लागत असतील, शब्दातले आवाज सुटे करता येत नसतील, कुटुंबात आणखी कुणाला वाचनाचा असाच त्रास असेल, तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्या.

इथे एक बारकावा आहे. जर्मनसारख्या, लिहिल्याप्रमाणे उच्चार असणाऱ्या भाषांत डिस्लेक्सिया (म्हणजे बुद्धी चांगली असूनही शब्द वाचण्यात टिकून राहणारी अडचण) असलेली मुलं शब्द बहुतेक बरोबर वाचतात, पण अतिशय सावकाश. हाइंट्स विमर यांनी १९९३ मध्ये हे दाखवलं. देवनागरीही बऱ्याच अंशी लिहिल्याप्रमाणे वाचली जाते. म्हणून 'चुका तर करत नाही, फक्त हळू आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. चौथीतलं मूल बरोबर पण गोगलगायीच्या गतीने वाचत असेल, तर तेही दाखवून घ्यावं.

आम्हालाच नीट वाचता येत नाही. मग मुलाचं कोण ऐकणार?

तुम्हीच. ऐकायला अक्षरं यावी लागत नाहीत. मूल वाचत असताना शेजारी बसा. ऐकताना बोलल्यासारखं वाटतंय का, वाक्य मध्येच तुटतंय का, हे तुमच्या कानाला बरोबर कळतं, कारण भाषा तुमचीच आहे. जिथे समजलं नाही तिथे 'काय म्हणालास? परत सांग' म्हणा. मुलाला तो भाग पुन्हा, जरा नीट वाचावा लागतो, आणि सराव म्हणतात तो हाच. मोठं भावंड किंवा शेजारचं वाचणारं मूल असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा त्याला जोडीने वाचायला बसवा, म्हणजे अडलेले शब्द सांगणारंही कुणी असेल.